सावलीतली धाकटी

२ एप्रिल

'चि. सौ.' असं लिहायला घेतलं आणि 'सौ.'पाशी पेन अडलं. कोर्टाने तो शब्द खोडला त्याला आता वर्ष होऊन गेलं. नुसतं 'चि.' लिहावं, तर मी आता तुझी कोण लागते? 'सूनबाई' लिहिलं आणि कागद फाडला. तेव्हा हे पत्र डोक्याविनाच सुरू करते. तुला चालेल. माझं डोकं तुला तसंही कधी आवडलं नाही.

तुझं कार्ड मिळालं. इतक्या महिन्यांनी आलं आणि त्यात एकच ओळ, "धाकटी कशी आहे?" 'आई, तुम्ही कशा आहात', 'गुडघा काय म्हणतो', काही नाही. असू दे. गुडघा जागेवर आहे.

धाकटीही आहे. उगवली.

यंदा थंडी हलायलाच तयार नव्हती. मागची आपली पट्टी, भिंत आणि तो मोठा वृक्ष यांच्यामधली, जिथे ऊन पाहुण्यासारखं डोकावतं आणि लगेच निघतं, ती मार्च अर्धा सरेपर्यंत काळी ठिक्कर पडून होती. होस्टांचं, या सावलीतल्या पानांच्या झुडपांचं, हे असंच असतं हे मला कळतं गं, थंडीत पार नाहीसे होतात, जमिनीवर काडी उरत नाही. तरी दर वर्षी मला वाटतं, मेले सगळे. दर वर्षी तू हसायचीस. यंदा हसायला कोणी नव्हतं, म्हणून मी मन लावून काळजी केली. मग एका सकाळी निळ्या पानांच्या आपल्या निळोबाचे कोंब दिसले, अंगठ्याएवढे जाड, माती ढकलून वर आलेले. त्याच्यामागून पांढऱ्या काठाच्या पानांच्या काठवाल्या आल्या. आणि सगळ्यांच्या शेवटी, मी नाद सोडल्यावर, धाकटी. पांढऱ्या पोटाची म्हणून नाजूक. पानात हिरवं कमी, म्हणजे तिला खायलाच कमी, असं तूच मला समजावलं होतंस. ओल्या पाल्याचा थर तिच्याभोवती घातलाय, कोंबाला टेकू न देता, तू घालायचीस तसाच.

बाळ गेलं, त्यानंतरच्या वसंतात तू ओंजळीएवढं रोप आणलंस आणि कोणाशी अवाक्षर न बोलता तिथे लावलंस. बाळाचं नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं. मी त्या रोपाला धाकटी म्हणायला लागले आणि तू मला अडवलं नाहीस. आपण दोघींनी न भांडता केलेली तेवढी एकच गोष्ट. जाताना दारात तू म्हणालीस, "या घरात कुणाला रडताच येत नाही. तिची पानं तेवढी सांभाळा." ते मी लक्षात ठेवलंय. पहिलं वाक्यही ठेवलंय.

माझा मुलगा (तुझा आता कोण, ते तू ठरव) मागच्या दाराला अजून हात लावत नाही. कचऱ्याची पिशवीसुद्धा पुढच्या दाराने, घराला वळसा घालून नेतो. कामावर जातो, येतो, जेवतो. बोलायला शेजारचे मास्तर आहेत मला. रिटायर झाल्यापासून त्यांनाही होस्टांचं वेड लागलंय. आणि माणूस म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय! गोड गोड बोलून माझा अर्धा निळोबा घेऊन गेले आणि बदल्यात कुठलंसं ठिपक्याठिपक्यांचं रोप देऊन गेले. दिसायला आहे मात्र देखणं.

एक गोष्ट सांगायची नाही असं ठरवलं होतं, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मागच्या पानगळीत मी धाकटीचा गड्डा फोडला. दोन डोळे वेगळे काढून कुंडीत लावले. तुझ्यासाठी. मास्तरांचं रोप, एक काठवाली आणि धाकटी, अशी तिघांची वाटणी एका दुपारी एका बैठकीत उरकली, स्वयंपाकघरातली मोठी सुरी घेऊन. काप असा सरळ आलाय म्हणून सांगू! ऑपरेशन थिएटरात जन्म गेला, हात अजून थरथरत नाही. कुंडीतलीही उगवली आहे. जरा अंग धरू दे, मग जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर पाठवते. तिकडच्या तुझ्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे ना? उन्हात ठेवलीस तर करपेल.

लोभ असावा असं लिहायची माझी पत नाही. राग आहे तो तरी असू दे, त्या निमित्ताने कार्ड येतं.

१९ मे

अगं, आधी सोबतचं पान बघ, मग वाच!

बघितलंस? हे धाकटीचं. पान उलगडलं तेव्हा मला वाटलं माझ्या चष्म्यालाच काही झालं. हिरवा रंग शिरांच्या कडेने पांढऱ्या पोटात उतरलाय, टीपकागदावर शाई पसरावी तसा. मधेमधे फिकट ठिपके. बोट फिरवून बघ, तिथे जरा जाडसर लागतं, भरतकाम केल्यासारखं. इतकी वर्षं बिचारी पांढऱ्याफटक चेहऱ्याने उभी होती आणि यंदा एकदम रंगात आली. कुंडीतल्या तिच्या भावंडावरही थोडी थोडी नक्षी दिसायला लागली आहे.

मास्तरांना बोलावून दाखवलं. भिंग घेऊन आले, गुडघ्यांवर बसले, आणि उठून असे उभे राहिले की आता भाषणच करतात. "सिस्टर, ही नवी जात आहे! असं कुणाकडे नाही. हिला नाव द्यायला पाहिजे." मी म्हटलं, मास्तर, नाव आईने ठेवायचं असतं, आईला विचारते. तर विचारते आहे. घाई नाही. सुचेल तेव्हा कळव.

बाकी ठीक. गोगलगाई फार झाल्या आहेत. सकाळी दव असतं तोवर वाकून वाकून वेचते, आणि मग गुडघा दिवसभर मला शिव्या देतो. निळोबाला एक भोक पाडलंय मेल्यांनी. धाकटीला अजून तोंड लावलेलं नाही. तिच्या पानाचा त्यांनाही धाक वाटत असावा.

जेवताना मी मुलाला ही नक्षी सांगत होते. तो ऐकत नाही असं मला वाटत होतं. तर घास हातात धरून एकदम म्हणाला, "आई, तू धाकटी का म्हणतेस? धाकटी म्हणजे कुणाच्या पाठची?"

मी म्हटलं, आणखी वाढू का. विषय संपला.

पान जपून ठेव. जाड पुस्तकात घाल म्हणजे वळणार नाही.

३ जून

तुझं पत्र मिळालं. काय पण पत्र! "आई, ही नक्षी नाही, रोग आहे. विषाणू. याला औषध नाही. मुळासकट काढून जाळा, नाहीतर बाकीच्यांना लागेल. कुंडी पाठवू नका. सुरी कोणती वापरली होती?"

सुरी कोणती!

उभा जन्म मी हत्यारं उकळली. मोठमोठे सर्जन माझ्या हातातून हत्यार घेताना वर बघत नसत, एवढा त्यांचा माझ्यावर भरवसा. आणि तू मला विचारतेस, सुरी कोणती? मी तुझं पत्र टरकावलं. मग तुकडे जोडून परत वाचलं. मग मागे गेले आणि धाकटीला म्हटलं, काही झालेलं नाहीये तुला, ती तिकडे लांब बसून काय वाट्टेल ते लिहिते.

मग मास्तरांच्या रोपाजवळ बसले. त्याच्या ठिपक्यांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तोच शिरांच्या कडेने उतरलेला रंग, तोच जाडसरपणा. फक्त जुना. पानं बारकी होत चाललेली, कडेने वाळत आलेली. देखणं म्हणत होते मी त्याला.

आधी मास्तरांचं रोप, मग काठवाली, मग धाकटी. मधे सुरी फडक्याने पुसली. नुसती पुसली! एकाचा चीक सुरीला, सुरीचा दुसऱ्याला. हे मी नव्या नर्सेसना पहिल्या दिवशी शिकवायची. एकीने एकदा कात्री नुसती पुसून ट्रेमध्ये ठेवली, तर तिला सगळ्यांसमोर रडवलं होतं मी. पण ती माणसं होती गं. हे पान. पानाला कसली हत्यारं उकळायची, असं कोणालाही वाटेल. तुझ्यासाठी तिचा तुकडा काढायला गेले आणि तिलाच घालवून बसले.

मास्तरांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "अहो, मी तर अख्ख्या गल्लीत वाटलंय." दुसऱ्या दिवसापासून दारोदार फिरताहेत, रोपं परत मागत. लोकांना वाटतंय, म्हातारा दिलेलं परत मागतो. मी त्यांचं दिलेलं रोप काढलं, काठवाली काढली. तुझी कुंडीसुद्धा रिकामी केली. मन घट्ट करून केलं सगळं, हात थरथरला नाही.

धाकटी राहिली आहे.

रोज फावडं घेऊन जाते आणि रोज परत येते. निळोबाचं एक पान तिच्या पानाला टेकलं होतं, ते मी बांधून बाजूला घेतलंय. गोगलगाईने तिचं पान खाऊन ह्याचं खाल्लं तर काय होईल, त्याचा विचार करत बसते. तू लिहिलंस ते सगळं मला पटलंय. पटूनही हात पुढे जात नाही.

आता पुढचं ऐक. हे तुला कधी सांगणार नव्हते.

परवा त्याने तोच प्रश्न परत विचारला. "आई, कुणाच्या पाठची?" या वेळी वाढायला पातेल्यात काही उरलं नव्हतं. मी सांगितलं. "तुझ्या आधी मला एक मुलगी झाली होती," त्याला म्हटलं. थोरली. तीही पोटातच गेली होती. मला दाखवली नाही. मी त्याच हॉस्पिटलातली, रोजच्या ओळखीची माणसं सगळी, आणि मलाच म्हणाले, "बघू नका सिस्टर, उगाच मनात राहील." कापडात गुंडाळून नेली. न बघता मनात राहत नाही, असं त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे. पंधरवड्याने मी कामावर हजर झाले. तुझे सासरे गेले तोवर आम्ही दोघांनी तो विषय एकदाही काढला नाही. तुला वाटलं, ही बाई दगड आहे. दगड नव्हते गं. एकदा रडायला बसले तर दोघींसाठी रडावं लागेल, आणि मग उठता येणार नाही, याची मला भीती वाटायची.

थोरली होती, म्हणून ही धाकटी. तुझ्या लेकीला मी तुला न विचारता माझ्या लेकीच्या पाठीवर घातलं.

तो ताटावरून उठला. मागच्या दारापर्यंत गेला. कडीला हात लावून बराच वेळ उभा होता. दार उघडलं नाही.

तर असं आहे. मी तिला उपटणार नाही. माझ्याच्याने होणार नाही. ती तुझी आहे, तू ये. तू काढा म्हणालीस तर तुझ्या डोळ्यांदेखत काढू, नको म्हणालीस तर सगळी बाग गेली तरी बेहत्तर.

११ जून

शनिवारी येतेस, हे कळलं. बरं झालं.

तो घरी असेल. मी विचारलं, दिवसभर कुठे बाहेर जातोस का, म्हणजे तिला अवघड वाटायला नको. म्हणाला, "नाही. मी खणणार आहे." तुला नको असेल तर आधी फोन कर, मी त्याला पाठवते कुठेतरी.

फावडं, खुरपं, सुरी, कात्री, सगळं तू लिहिलंस तसं ब्लीचच्या पाण्यात घातलंय. फावडं कशातच मावेना, म्हणून बाथरूमच्या टबात झोपवलं. आज घरात कुणाची आंघोळ नाही. तो दात घासायला गेला, फावडं बघितलं आणि हसला. किती दिवसांनी हसला म्हणून सांगू.

वरची खोली झाडून ठेवली आहे. राहायचं नसेल तर राहू नकोस. चहा तरी घे.

२३ जून

तिथे तू होतीस, तुला तिथलं काय सांगायचं! पण तुझी पाठ होती माझ्याकडे, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. म्हणून मला दिसलं ते लिहिते.

त्याने कडी काढली, तेव्हा ती नेहमीसारखी अडली; तिची सवय मोडलेली, म्हणून त्याला दोनदा हिसका द्यावा लागला. तू आधीच तिथे बसली होतीस. त्याने लांबून, गोल खणायला सुरुवात केली, एकही मूळ तुटू नये म्हणून. तू तिची सगळी पानं दोन्ही हातांनी एकत्र धरलीस, वेणी घालताना केस धरतात तशी. गड्डा सुटला तेव्हा त्याने पोतं पुढे केलं आणि तू दिला नाहीस. मांडीवर घेऊन बसलीस, त्या चांगल्या कपड्यांवर. मग तो तिथेच मातीत बसला आणि रडला. त्याच्या बापासारखा तोंड फिरवून नाही, मोठ्याने, लहानपणी रडायचा तसा. मास्तर कुंपणाकडे आले होते, ते पाय न वाजवता परत गेले. तू त्याच्याकडे बघत राहिलीस. जवळ गेली नाहीस. बरोबर केलंस. ती वेळ तुम्हा दोघांची गेली, हे मला कळतं. पण बघत राहिलीस, तेवढ्यासाठी मी तुझी ऋणी आहे.

जाळायला मी बाहेर आले. ओला पाला, पेटेना, नुसता धूर. तिघांच्याही डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि धुरामुळे की कशामुळे, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

तू गेल्यावर त्याने खड्ड्यातली माती चाळून बारीकसारीक मुळं वेचली. दोन दिवस तेच करत होता. तिथे काही लावलेलं नाही. निळोबा सध्या तरी स्वच्छ दिसतो, पण रोग असला तरी इतक्यात दिसायचा नाही. वाट बघायची.

आता जे लिहायला बसले ते.

निघताना फाटकापाशी तू विचारलंस, "आई, तुम्ही तिला बघितलं होतं ना? कशी होती ती?" आणि मी गुडघा धरून खाली बसले. गुडघा दुखत नव्हता. तू थांबलीस, मला उठवलंस, पाणी आणून दिलंस, आणि मग तुझी गाडी सुटायची वेळ झाली. इतकी वर्षं तू हे विचारलं नव्हतंस. आता ते झाडही नाही. तेव्हा जे माझ्याजवळ आहे, ते तुला देते.

तुला भूल होती, नंतर दोन दिवस ताप. तो बाहेर उभा होता. डॉक्टरांनी विचारलं, बघायचंय का, तर त्याने मान हलवली, नको. त्याला नावं ठेवू नकोस, भ्यायला होता. माझी त्या दिवशी ड्युटी नव्हती, पण त्या दाराशी मला कोण अडवणार? मला म्हणाले, "सिस्टर, बघू नका." मी म्हटलं, आणा इकडे.

केस होते. भरपूर, ओले, कपाळाला चिकटलेले. मी ते बाजूला केले. कपाळ आमच्याकडचं, रुंद. भुवया असून नसल्यासारख्या. नाक तुझं, शेंड्याला जरा बसकं, तुला आवडत नाही ना, अगदी तसंच. ओठ घट्ट मिटलेले, कोणावर तरी रागावल्यासारखे. उजवा कान दुमडलेला होता. मी बोटाने सरळ केला, सोडल्यावर परत दुमडला. परत केला. बोटं लांब होती, तुझ्यापेक्षाही लांब वाटली मला. नखं वाढलेली. डोळे मिटलेले होते, ते कसे होते ते मला सांगता येणार नाही.

मी तिला पुसलं. कोमट पाण्याने, जिवंत मुलांना पुसतो तसंच, मानेखाली हात धरून. मान धरायची काही गरज नव्हती. तरी धरली. मग मऊ कापड मागून घेतलं, गुंडाळलं, तोंड उघडं ठेवलं, आणि खिडकीजवळच्या स्टुलावर तिला घेऊन बसले. तिला कोणी घेतलंच नाही, असं तू आजवर समजत असशील, तर तसं नाही. घेतलं होतं. एक नवी मुलगी आली, म्हणाली, "सिस्टर, द्या आता." मी म्हटलं, थांब. ती गेली आणि परत आली, तेव्हाही मी म्हटलं, थांब. मग डॉक्टर स्वतः आले. तेव्हा दिली.